मांजराचं नवं पिल्लू चादरीवर शू करतंय? आधी ट्रे बघा

मांजराचं पिल्लू घरात आलं की सगळ्यांना काळजी त्याच्या खाण्याची. दूध द्यावं का, भात चालेल का, रात्री उपाशी तर राहणार नाही ना? खाण्याचं दोन दिवसांत जमून जातं. खरी पंचाईत होते शी-शूची. सकाळी बघावं तर पलंगावरची चादर ओली, मोरीत शी, आणि हौसेने आणलेला लिटरचा, म्हणजे शी-शूसाठी वाळूसारखं भरण घातलेला ट्रे मात्र कोरडा ठणठणीत. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, "जिथून आणलं तिथं सोडून या त्याला."

सोडून यायची वेळ शक्यतो येत नाही. मांजराला भुसभुशीत, उकरता येईल आणि वरून झाकता येईल अशी जागा लागते, आणि ही ओढ त्याला उपजतच असते. घरात अशी जागा कुठे आहे, एवढंच आपण दाखवायचं असतं. ट्रे मनासारखा असला तर बहुतेक पिल्लं काही दिवसांत रुळतात. नसला तर ती आपली आपण दुसरी जागा शोधतात, आणि ती नेमकी आपल्या नावडीची निघते. त्यामुळे पिल्लाला रागावण्याआधी ट्रेची झडती घ्यायची. पुढचा सगळा क्रम याच हिशोबाने लावलाय.

आधी वय बघा

आपल्याकडे पिल्लं बहुतेक वेळा विकत आणलेली नसतात. कारखान्याच्या मागच्या बोळात, भुसाराच्या गोदामात किंवा बांधकामावरच्या वाळूपाशी मांजर व्यालेली असते आणि पोरं पिल्लू खोक्यात घालून घरी आणतात. अशा वेळी ते नेमकं किती दिवसांचं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला स्वतःहून शी-शू करताच येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने दर दुधानंतर त्याची शेपटीखालची जागा हलक्या हाताने पुसावी लागते. इतक्या लहान पिल्लाला ट्रे दाखवून काही उपयोग नाही. तीन-चार आठवड्यांचं झालं, नीट चालायला लागलं की ते स्वतःच कोपरे हुंगायला लागतं. तिथून ट्रेचं काम सुरू. दोन महिन्यांचं होईपर्यंत आईजवळ राहिलेलं पिल्लू सगळ्यात लवकर शिकतं, म्हणून आई सापडत असेल तर घाई करू नका.

पहिले काही दिवस एकच खोली

ही पायरी सगळे टाळतात, आणि निम्मा त्रास तिथूनच सुरू होतो. एवढ्याशा पिल्लाला पूर्ण घर मोकळं दिलं तर शू लागल्यावर मागच्या खोलीतला ट्रे त्याला आठवत नाही आणि आठवला तरी तिथपर्यंत दम धरवत नाही. एक लहान खोली द्या. एका कोपऱ्यात अंथरूण आणि खाणं-पाणी, समोरच्या कोपऱ्यात ट्रे. मांजर जिथे जेवतं तिथे घाण करत नाही, म्हणून ट्रे आणि ताटली शेजारी ठेवायची नाही. सलग चार-पाच दिवस सगळं ट्रेमध्येच झालं की एकेक खोली उघडत जायची.

वेगळी खोली नसेल तर हॉलचा एक भाग खोक्यांनी अडवला तरी भागतं.

ट्रे कसला घ्यायचा

लहान पिल्लासाठी कडा बुटकी हवी, दोन-तीन बोटं उंचीची. दुकानातले छप्पर असलेले देखणे बॉक्स आपल्यासाठी असतात, पिल्लासाठी नाही. आत वास कोंडतो, अंधार होतो, आणि बाहेर कोण आहे ते दिसत नाही म्हणून ते आत जायला बिचकतं. नर्सरीत कुंडीखाली ठेवायची प्लास्टिकची मोठी थाळी मिळते, ती सुरुवातीला उत्तम. जुन्या टबची एक बाजू कापून दार केलं तरी चालतं, फक्त कापलेली कड घासून गुळगुळीत करा. पुढे मांजर वाढलं की ट्रेही वाढवायचा. मांजराच्या लांबीच्या दीडपट ट्रे असावा असा ठोकताळा आहे.

आणि ट्रे दोन घ्या. मांजरं जितकी, त्यापेक्षा एक ट्रे जास्त, असं पशुवैद्य सांगतात. काही मांजरं शूच्या जागी शी करत नाहीत, हे एक कारण. सोलापूरकरांसाठी दुसरंही आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी एक ट्रे धुऊन उन्हात टाकला की दुसरा वापरात राहतो. ऐन उन्हाळ्यात टँकरची वाट बघत असताना घरचे मांजराच्या ट्रेला बादलीभर पाणी देतील ही आशा धरू नका.

ट्रेमध्ये काय घालायचं

मांजरांना बारीक, वाळूसारखं, बिनवासाचं लिटर आवडतं. बाजारात मिळणारं बेंटोनाइट हे मुळात मातीचंच. ओलं झालं की त्याचा गोळा होतो आणि तो उचलून टाकता येतो. मोठ्या मांजरासाठी सोयीचं आहे, पण तीन-चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ते देऊ नका. पिल्लं प्रत्येक गोष्ट तोंडात घालून बघतात, आणि पोटात गेलेला गोळा फुगून आतडं अडू शकतं. तोपर्यंत गोळा न होणारं लिटर, लाकडाच्या किंवा कागदाच्या गोळ्या, नाहीतर वखारीतला साध्या लाकडाचा भुसा वापरा. भुसा चाळणीने चाळून धूळ काढून टाका. प्लायवूडचा भुसा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात.

लॅव्हेंडर नाहीतर लिंबाच्या वासाचं लिटर घेऊ नका. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट असतं, आणि लिंबू-संत्र्याचा वास तर त्यांना मुळीच खपत नाही. चुलीची राखही नको. ओली राख पंजाला चिकटते, पिल्लू पंजे चाटतं आणि तोंड पोळतं. शेंगांची टरफलं फुकट मिळतात म्हणून घालायचा मोह होईल, पण ती जाड आणि टोचरी असतात, त्यावर पिल्लू उभं राहायला कंटाळतं.

बाहेर वाढलेल्या पिल्लाला मात्र विकतचं कुठलंच लिटर ओळखू येत नाही. त्याच्या हिशोबाने शी-शूची जागा म्हणजे वाळू नाहीतर माती. त्याला ट्रेमध्ये आधी कोरडी, चाळलेली वाळूच द्या. मग दर दोन दिवसांनी एकेक मूठ लिटर मिसळत वाळू कमी करत जा. एका रात्रीत बदल केला तर ते सरळ अंगणातल्या तुळशीकडे जाईल.

मोठ्या ट्रेमध्ये थर दोन-तीन इंचांचा पुरतो, पिल्लाच्या बुटक्या ट्रेमध्ये कडेच्या खाली राहील इतकाच. खाली वर्तमानपत्र घातलं तर ट्रे धुवायला पाणी कमी लागतं.

कुठे ठेवायचा

शांत कोपरा, पण अडगळ नाही. सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांतच माग असतो, तिथे खडखडाट चालू असताना पिल्लू मागाजवळच्या ट्रेकडे फिरकणारही नाही. वॉशिंग मशीनच्या शेजारीही तेच. पत्र्याच्या शेडखाली किंवा गच्चीवर ट्रे ठेवायची इथे पद्धत आहे, म्हणजे घरात वास नको म्हणून. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना त्या ट्रेमध्ये हात घालून बघा. आपल्याला चटका बसतो, पिल्लाच्या तळव्याला बसणार नाही?

ठेवलेली जागा सारखी बदलू नका. बदलायचीच असेल तर रोज हात-दोन हात सरकवत न्या.

वेळ साधा

पिल्लाला शी-शू कधी लागते ते ठरलेलं असतं: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर थोड्या वेळाने, आणि जोरात खेळून झाल्यावर. या प्रत्येक वेळी उचलून ट्रेमध्ये ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. पंजा धरून उकरून दाखवायची गरज नाही. काही पिल्लं त्याने घाबरतात आणि ट्रेचीच धास्ती घेतात.

एकदा खाली बसून नीट बघा म्हणजे खूण पटेल. खेळता खेळता पिल्लू मध्येच थांबतं. नाक जमिनीला लावून दोन पावलं जातं, परत फिरतं, कोपऱ्यात पोचतं आणि कोरडी फरशी पंजाने खरवडायला लागतं. फरशी उकरली जात नाही तरी खरवडत राहतं, मग मागचे पाय रोवून खाली बसतं. खरवडायला लागल्यापासून बसेपर्यंत मिळणारे काही क्षण आपले. आवाज न करता उचलायचं, ट्रेमध्ये ठेवायचं. झालं की लगेच खाऊचा एक तुकडा, नाहीतर कौतुकाचा हात.

आणि चुकलं तर? शेजारच्या काकू ठामपणे सांगतील, "नाक घासा त्याचं त्यात, चांगलं लक्षात राहील." लक्षात राहतं, पण भलतंच. माणसासमोर शू केली की मार बसतो, एवढं त्याला कळतं, आणि मग ते कपाटामागे, दिवाणाखाली, धान्याच्या कोठीमागे लपून करायला लागतं. पावसाळ्यात वास सुटला की शोधत बसायचं.

चुकीच्या जागी करतंय, तर ती जागा काय सांगते

नुसतं पुसून मोकळे होऊ नका, पिल्लाने कोणती जागा निवडली ते बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

चादरीवर, गादीवर किंवा धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर करत असेल, तर त्याला पायाखाली मऊ हवंय आणि ट्रेमधलं लिटर टोचतंय. बारीक लिटर आणा. तोवर त्या खोलीतल्या चादरी घडी घालून कपाटात ठेवा.

मोरीत किंवा बाथरूमच्या जाळीपाशी करत असेल, तर दोन शक्यता. तिथे आधीचा वास आहे, किंवा त्याला गुळगुळीत, थंड जागा आवडते. रात्री मोरीचं दार बंद ठेवा. एका ट्रेमध्ये अगदी पातळ थर, जवळजवळ रिकामाच ठेवून बघा. काही पिल्लं अशा ट्रेमध्ये लगेच जातात.

ट्रेच्या अगदी बाहेर, कडेला करत असेल, तर त्याला ट्रे कळलाय पण आत जाववत नाही. कड उंच आहे, ट्रे लहान आहे, किंवा सगळ्यात जास्त वेळा दिसतं ते म्हणजे ट्रे घाण आहे. दिवसातून दोनदा शी आणि ओलं लिटर काढा. त्यासाठी जुना झारा बाजूला काढून ठेवा, आणि तो परत स्वयंपाकघरात जाणार नाही अशी खूण करा.

कुंडीत, तुळशी वृंदावनात करत असेल तर मातीवर मोठे गोटे पसरा. उकरता आलं नाही की त्याचा रस संपतो.

दाराजवळ, खिडकीखाली करत असेल तर बाहेर कुणीतरी आहे. बोका फिरत असेल, त्याचा वास येत असेल. खिडकीचा खालचा भाग झाका आणि एक ट्रे तिथेच ठेवा.

सगळं सुरळीत असताना अचानक बिघडलं तर घरात काय बदललं ते आठवा. पाहुणे, रंगकाम, नवीन मांजर. दिवाळीचे फटाके आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या वेळचं शोभेचं दारूकाम, या दोन्ही वेळी सोलापुरातल्या लष्कर, सात रस्ता या भागांतली आणि पेठांमधली मांजरं पलंगाखालून बाहेर येत नाहीत. त्या रात्री ट्रे पलंगाजवळ सरकवून द्या, बाकी काही करायला नको.

डाग आणि वास: इथे फिनेल आणू नका

आपल्या घरात घाण दिसली की हात आधी फिनेलच्या बाटलीकडे जातो. मांजराच्या घरात तिला जागाच नको. फिनॉलसारखी रसायनं पचवायची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. ते पुसलेल्या फरशीवरून चालतं, पंजे चाटतं, आणि विष पोटात जातं. काळं फिनेल, अँटिसेप्टिक लिक्विड, कपाटातल्या डांबरगोळ्या, सगळं त्याच यादीत. ब्लीचही शूवर ओतू नका. शूमधल्या अमोनियाशी मिसळून घातक वायू तयार होतो.

शूमध्ये युरिक अ‍ॅसिडचे खडे असतात, ते साध्या पाण्याने विरघळत नाहीत. पुसल्यावर आपल्याला वास जातोसा वाटतो, पण पिल्लाला तिथे 'संडास' अशी पाटीच दिसते. ते खडे मोडतात एन्झाइमवाल्या क्लीनरने. पाळीव प्राण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. आधी जुन्या कापडाने दाबून ओल टिपा, घासू नका. मग क्लीनर भरपूर ओता, आणि तो ओला राहू द्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात अडचण इथेच येते. पंख्याखाली पाच मिनिटांत तो वाळून जातो आणि काम अर्धवट राहतं. वरून ओलं फडकं आणि प्लास्टिकचा तुकडा टाकून तासभर झाकून ठेवा.

क्लीनर नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून वापरतात. टाइल्सवर ते चालेल. पण जुन्या घरात शहाबादी फरशी असेल तर व्हिनेगर लावू नका. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, आंबट पदार्थाने तो झिजतो आणि पांढुरके डाग पडतात. कडप्प्याचंही तसंच. तिथे साबणाचं पाणी आणि एन्झाइम एवढंच. फरशीच्या सांध्यांत शू मुरते, म्हणून सांध्यांवर जास्त ओता.

चादरीचं वेगळं. सोलापुरी चादर जाड विणीची, शू एका बाजूला दिसते पण पार आतपर्यंत गेलेली असते. डागापुरतं धुऊन भागत नाही. अख्खी चादर गार पाण्यात एन्झाइम पावडर घालून काही तास भिजवा, मग नेहमीसारखी धुवा आणि कडक उन्हात टाका. आधीच गरम पाणी वापरलं तर वास धाग्यात बसतो. वाळल्यावर नाक लावून बघा. वास असेल तर पुन्हा भिजवा, घडी घालू नका.

हे दिसलं तर ट्रे सोडा, डॉक्टरकडे जा

ट्रे, लिटर, जागा सगळं ठीक असूनही चुकत असेल तर दुखणं असू शकतं. शू करताना दुखलं की पिल्लू दोष ट्रेला देतं आणि ट्रे टाळायला लागतं. वारंवार ट्रेमध्ये बसतंय पण थेंबच येतोय, ओरडतंय, शूमध्ये लाल झाक आहे, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जा. बोक्याची शू पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. उन्हाळ्यात पाणी कमी पिऊन शू घट्ट होते, म्हणून घरात दोन-तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या ठेवा आणि ओलं खाणं द्या.

पातळ शी असेल तर आधी गाईचं-म्हशीचं दूध बंद करा. कितीतरी पिल्लांना ते पचत नाही. मग जंताचं औषध. लहान पिल्लांना दर पंधरा दिवसांनी द्यावं लागतं, पण वजनावरून मात्रा डॉक्टरच ठरवतील. माणसांच्या गोळ्यांचा तुकडा मोडून देऊ नका. जुलाब, उलट्या, ताप आणि खाणं बंद, असं सगळं एकत्र आलं तर पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा विषाणूजन्य आजार असू शकतो, आणि लस न घेतलेल्या पिल्लाला तो बऱ्याचदा जीवघेणा ठरतो. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, आणलेल्या आठवड्यातच विचारून घ्या. दोन दिवस शी झालीच नाही, तरीही दाखवा.

सहा महिन्यांच्या आसपास नर पिल्लू उभं राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर शू मारायला लागलं तर ती ट्रेची अडचण नाही. ते हद्द आखतंय. भाट्याही कधीकधी करतात. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान नसबंदी करून घेतली तर बहुतेकांना ही सवय लागतच नाही.

टाकायचं कुठे

काढलेलं लिटर पिशवीत गाठ मारून घंटागाडीत, सुक्या-ओल्यात न मिसळता वेगळं द्या. संडासात ओतू नका. बेंटोनाइट पाईपमध्ये फुगून घट्ट बसतं, आणि आठ दिवसांनी पाणी आल्यावर कळतं. घरात कुणी गरोदर असेल तर ट्रेचं काम दुसऱ्याने करावं. मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो. तो बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी लागण करण्याजोगा होतो, म्हणून रोज शी काढणाऱ्या घरात धोका बराच कमी असतो. दुसरं कुणी नसेलच तर हातमोजे घालून, नंतर साबणाने हात धुवा.